फाटक बंद होते त्या महिन्यांचा पगार : पुण्यातील गृहरचना संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सर्व सहकारी गृहरचना संस्था, पुणे शहर

विषय : टाळेबंदीच्या काळात आवारात प्रवेश नाकारलेल्या घरकामगार स्त्रियांचे वेतन, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याविषयी करावयाचा ठराव

सस्नेह नमस्कार.

सिंहगड रस्त्याजवळच्या ११२ सदनिकांच्या एका संस्थेत मी राहते आणि २०१८ ते २०२१ या काळात मी तिची मानद सचिव होते. अलीकडे दप्तर आवरताना २१ मार्च २०२० या तारखेची एक सूचना मला सापडली. मजकूर माझा होता आणि खाली सहीही माझीच होती. ‘कोरोना विषाणूचा प्रादुर्भाव लक्षात घेता घरकाम करणाऱ्या महिला, वाहनचालक, गाड्या धुणारे, पेपर टाकणारे व इस्त्रीवाले यांना पुढील सूचना मिळेपर्यंत आवारात प्रवेश दिला जाणार नाही. सदस्यांनी सहकार्य करावे.’ एवढ्याच तीन ओळी. ती सूचना पुन्हा वाचल्यापासून माझ्या मनात जे घोळत आहे, ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या आठवड्यात जवळजवळ याच शब्दांत अशीच सूचना लावली होती, हे मला माहीत आहे, कारण आमची सूचना मी शेजारच्या संस्थेची पाहून लिहिली होती आणि आमची पाहून पलीकडच्या दोन संस्थांनी.

त्या दिवसांतली भीती खरी होती. राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते, शाळा बंद झाल्या होत्या, आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेली वीसेक माणसे होती, आणि हा आजार नेमका कशाने पसरतो हे डॉक्टरांनाही पुरते ठाऊक नव्हते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवून घेणारी माणसे आपणच होतो. त्यामुळे फाटक बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मी आज म्हणणार नाही. फाटक बंद करणे आणि पगार बंद करणे हे दोन वेगळे निर्णय होते; पहिला आपण विचार करून घेतला आणि दुसरा कोणीच न घेता आपोआप होऊ दिला, एवढेच मला म्हणायचे आहे.

माझ्या त्या तीन ओळींत पगाराचा शब्दही नाही. सदस्यांनी पगार द्यावा असे त्यात नाही, देऊ नये असेही नाही. इतिवृत्ताच्या वहीत तरी काही सापडेल म्हणून मी ती काढून पाहिली. फेब्रुवारी २०२० च्या सभेनंतरचे पुढचे पान थेट सप्टेंबरचे आहे आणि त्यावर लिफ्टच्या देखभालीच्या कराराचा विषय आहे. मधल्या काळात सगळे निर्णय व्हॉट्सॲपच्या गटावर झाले, अंगठ्याच्या खुणेने संमती मिळाली, आणि त्रेसष्ट स्त्रियांची कामे एका संध्याकाळी थांबवल्याची नोंद त्या तीन ओळींखेरीज आमच्या संस्थेच्या कोणत्याही अधिकृत कागदावर राहिली नाही. त्रेसष्ट हा आकडा मी प्रवेशपत्रांच्या यादीवरून देते आहे. आपल्या संस्थेत तो किती होता, हे आपण एकदा पाहावे.

सूचना लागल्यानंतरच्या सोमवारी, २३ मार्चला सकाळी, आमच्याकडे चौदा वर्षे पोळीभाजी करणाऱ्या ताई नेहमीप्रमाणे साडेसातला आल्या आणि सुरक्षारक्षकाने त्यांना बाहेरच थांबवले. फलकावरची सूचना त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती. मी गॅलरीतून खाली पाहत होते. त्यांनी मान वर करून विचारले, “काकू, किती दिवस?” मी म्हटले, “आठ दिवस धरून चला.” त्या म्हणाल्या, “पाडव्याच्या पुऱ्यांना तरी येऊ का?” मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि ऐन पाडव्यापासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती १४ एप्रिलला संपायची होती; मग ३ मे, १७ मे, ३१ मे असे करत पुढे सरकत गेली. त्या ताई पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात आल्या त्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात.

या महिन्यांत कायदा काय सांगत होता, हे मी तेव्हा पाहिले नाही. नंतर पाहिले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आदेश काढला होता की, टाळेबंदीमुळे काम बंद असले तरी मालकांनी कामगारांचे वेतन कोणतीही कपात न करता ठरलेल्या तारखेला द्यावे. हा आदेश उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापनांतील मालकांना उद्देशून होता. आपली घरे यांपैकी काहीच नाहीत. बँका, कंपन्या, महाविद्यालये अशा ठिकाणी नोकरी करणारे आमचे सदस्य एप्रिल आणि मे महिन्यांत घरी बसून होते. त्यांपैकी काहींचे पगार कापले गेले, बहुतेकांचे पूर्ण जमा झाले, आणि ज्यांचे कापले गेले त्यांना निदान ‘हे नियमाला धरून नाही’ असे म्हणण्याची सोय होती. त्यांच्याच घरी केर-फरशी करणाऱ्या बाईला ती सोय नव्हती. तो आदेशही १८ मेपासून मागे घेतला गेला आणि पुढे जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. आपल्या घरांपुरते बोलायचे, तर वाटाघाटी करायला समोरची बाई फाटकाच्या आत येऊ शकत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला मी एक काम केले, ते खरे तर एप्रिलमध्येच करायला हवे होते. यादीतल्या चाळीस स्त्रियांशी मी फोनवर बोलले. बाकीच्यांचे फोन लागले नाहीत किंवा क्रमांकच नव्हते. मार्चचा पगार चाळीसपैकी सदतीस जणींना आमच्या इमारतींतल्या सगळ्या घरांतून पूर्ण मिळाला होता. एप्रिलचा पूर्ण पगार बावीस जणींना मिळाला. मे महिन्याचा तेरा जणींना. हे आकडे केवळ आमच्या एका संस्थेचे आहेत आणि त्यावरून शहराचा निष्कर्ष मी काढत नाही. पण मार्च, एप्रिल, मे अशी ती उतरण पाहिल्यावर जे दिसले ते मला सांगितले पाहिजे. मे महिन्यात पगार न देणाऱ्या सदस्यांपैकी जवळजवळ कोणीही ‘आम्ही देणार नाही’ असे म्हटले नव्हते. कोणाला वाटले की बाई गावी गेली असेल. कोणाला वाटले की शेजारचे देत नाहीत तर आपण दिल्याने उगाच पायंडा पडेल. कोणाकडे खरोखरच स्वतःचा पगार निम्म्यावर आला होता. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. आणि बऱ्याच जणांनी सांगितलेले कारण असे होते की, द्यायचे मनात होते, पण पैसे पोचवायचे कसे ते समजेना.

या शेवटच्या कारणाशी मी थोडी थांबते, कारण ते माझेही होते. चौदा वर्षे मी दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे हातात दिले होते. ताईंचा बँक खात्याचा क्रमांक माझ्याकडे नव्हता. फोनवरून तो मागताना लक्षात आले की त्यांच्या पासबुकावरचे नाव मी कधी ऐकलेलेच नाही; आम्ही त्यांना ज्या नावाने हाक मारतो ते त्यांच्या माहेरचे, आणि आडनाव तर मी विचारलेच नव्हते. आमच्या इमारतीतल्या कित्येक फोनमध्ये त्या ‘पोळ्यावाल्या’, ‘भांडी बी विंग’, ‘केरफरशी नवीन’ अशा नावांनी साठवलेल्या होत्या. रोज घराची किल्ली ज्यांच्या हाती देतो त्यांचे पूर्ण नाव आपल्याला माहीत नसते, हे मला त्या एप्रिलमध्ये समजले.

पगार थांबला म्हणजे काय झाले, ते एका घराच्या हिशेबावरून सांगते. हा हिशेब ताईंनी मला स्वतः सांगितला आणि तो लिहिण्यास त्यांची संमती आहे. त्यांनी पाच घरे धरली होती. दोन घरी स्वयंपाक, तीन घरी धुणी-भांडी आणि केर-फरशी. आमच्याकडचे २,५००, दुसऱ्या स्वयंपाकाचे २,८००, आणि बाकी तीन घरांचे मिळून ३,९००, असे महिन्याला ९,२०० रुपये. त्यांतून पर्वती पायथ्याच्या खोलीचे भाडे ३,५००, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता १,४५० आणि भिशीचे १,००० असे ५,९५० रुपये दहा तारखेच्या आत जात. नवरा मार्केट यार्डात हमाली करी. त्याच्या रोजच्या मजुरीवर भाजीपाला, गॅस, मुलांचे खर्च चालत. एप्रिल-मेमध्ये मार्केट यार्ड बराच काळ बंद राहिले, तेव्हा ती मजुरी शून्यावर आली. एप्रिलमध्ये ताईंना पाचपैकी दोन घरांतून पूर्ण आणि एका घरातून निम्मा पगार मिळाला : एकूण ५,२०० रुपये. म्हणजे घरात धान्याचा दाणा येण्यापूर्वीच हिशेब साडेसातशे रुपयांनी तुटला होता.

सरकारी मदतीचे म्हणाल तर ती अजिबात आली नाही असे नाही. जनधन खात्यात एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये जमा झाले; ते काढण्यासाठी बँकेबाहेर खडूने आखलेल्या वर्तुळांत उभ्या राहिलेल्या बायकांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. शिवभोजन थाळी पाच रुपयांना मिळू लागली. माणशी पाच किलो मोफत तांदूळ होता, केशरी शिधापत्रिका असणाऱ्यांना मे आणि जूनमध्ये आठ रुपये किलोने गहू व बारा रुपये किलोने तांदूळ होता. पण ताईंची शिधापत्रिका धाराशिव जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी होती, सासऱ्यांच्या नावावर. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिन्यांचे भाडे पुढे ढकलण्याची सूचना केली होती. वस्तीतल्या खोलीचा करारच नसतो आणि तिथला घरमालक स्वतःही त्या भाड्यावरच जगत असतो. कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने सवलत दिली, तिचा अर्थ व्याज चढत राहणार असा होता, हे गटातल्या बायकांना पुढच्या वर्षी कळले. ताईंनी भिशी मोडली आणि मंगळसूत्रातले दोन मणी गहाण टाकले. थोरल्या मुलीची दहावी होती; भूगोलाचा पेपर रद्द झाला तो सगळ्यांचाच, पण अकरावीचे वर्ग जेव्हा मोबाइलवर सुरू झाले तेव्हा घरातला एकमेव साधा फोन त्यासाठी उपयोगाचा नव्हता. हे मला ऑगस्टनंतर कळले. एप्रिलमध्ये मी फोन केला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “बरं आहे काकू, तुम्ही सगळे जपून राहा.”

जूनमध्ये राज्याने टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू केले, तेव्हाही आपली फाटके बंद राहिली. पुण्यात १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून दहा दिवसांची पुन्हा कडक टाळेबंदी झाली, त्यानंतरही ती बंद राहिली. आमच्या गटावर तेव्हा सतत एकच वाक्य फिरत होते : ‘वस्तीतून येणाऱ्यांमुळे आपल्याकडे आजार येईल.’ त्याच सुमारास, जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, शहरातल्या पाच प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. त्यात ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या पुढे होते. सदनिकांत राहणाऱ्यांमध्ये ते सुमारे एक तृतीयांश होते. ज्यांना सार्वजनिक शौचालय वापरावे लागते त्यांच्यात ते ६२ टक्क्यांच्या आसपास, तर स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत ४५ टक्क्यांच्या आसपास होते.

हे आकडे आमच्या बंदीच्या बाजूनेही वाचता येतात, आणि आमच्या तत्कालीन अध्यक्षांनी ते तसेच वाचून दाखवले. मी त्यांच्याशी तेव्हा वाद घातला नाही. आज थोडे वेगळे वाचन मांडते. हा आजार पुण्यात परदेश प्रवासातून परतलेल्या माणसांबरोबर आला आणि दाट वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत आणि सामायिक संडासाच्या रांगेत पसरला. घरात राहा असे सांगणे सोपे होते, कारण सांगणाऱ्यांच्या घरात राहण्याजोगी जागा होती. वस्तीतली बाई आजाराला जास्त सामोरी गेली, हे खरे. पण त्यामुळे तिला मदतीची गरज आपल्यापेक्षा अधिक होती हा निष्कर्ष त्याच आकड्यांतून निघतो आणि तो आपण काढला नाही. काळजीपोटी तिला दूर ठेवायचे होते, तर दूर राहण्याचा खर्च आपण उचलायला हवा होता. तिला फाटकाबाहेर ठेवून आपण सुरक्षित राहिलो आणि त्या सुरक्षिततेची किंमत तिच्या पगारातून चुकती झाली.

परत बोलावतानाचे महिने तर मला अधिक खटकतात. वैद्यकीय प्रमाणपत्र हवे, असे आम्ही ठरवले; त्याचे पैसे कोणी द्यायचे ते ठरवले नाही. ज्यांचे वय पंचावन्नच्या पुढे त्यांना नको, असे ठरवले. त्यांतल्या दोघी आमच्या आवारात वीस वर्षांपासून काम करत होत्या आणि त्या नंतर आल्याच नाहीत. फाटकावर ताप मोजायचा, हातावर जंतुनाशक टाकायचे, यांत गैर काही नव्हते, पण तेच नियम किराणा घेऊन परतणाऱ्या सदस्यांना नव्हते. लिफ्ट वापरायची नाही असा नियम झाला आणि नवव्या मजल्यापर्यंत दिवसातून दोनदा चढणाऱ्या बायका मी पाहिल्या. पीएमपीच्या बस ३ सप्टेंबरपर्यंत सर्वसामान्यांसाठी बंदच होत्या, त्यामुळे कित्येक जणी पर्वतीपासून, धायरीपासून चालत येत आणि मग जिने चढत. काही घरांनी त्या काळात भांडी घासण्याचे यंत्र घेतले आणि बाईला कायमचे ‘नको’ कळवले. तो त्यांचा अधिकार आहे. पण दहा वर्षे काम केलेल्या बाईला एका निरोपाने थांबवताना महिन्याचा पगार हातावर ठेवावा, एवढी रीत तरी असायला हवी होती.

आजार ओसरला, वर्षे गेली, पण लिफ्टचा तो नियम आमच्याकडे आणखी दोन वर्षे तसाच राहिला. आजही काही संस्थांत ‘घरकामगारांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी’ अशा पाट्या आहेत, हे मी पाहिले आहे. या पाट्या काढून टाकायला कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.

आता एका कागदाविषयी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. देशातल्या फार थोड्या राज्यांत असा कायदा झाला, आणि तो होण्यामागे घरकामगार संघटनांची अनेक वर्षांची धडपड होती. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागितली होती, हे आपल्यापैकी जुन्या पुणेकरांना आठवत असेल. या मंडळात नोंदणी असलेल्यांना एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या टाळेबंदीत राज्य सरकारने प्रत्येकी १,५०० रुपये दिले. रक्कम फार नव्हे, पण ती मिळण्यासाठी नोंदणी हवी होती, आणि नोंदणीच्या अर्जासोबत ज्या घरी काम करतो त्या घराचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ताईंनी २०१९ मध्ये तो अर्ज माझ्याकडे आणला होता. ‘सही केल्याने पुढे काही भानगड तर होणार नाही ना’ असा विचार माझ्या मनात आला आणि ‘वाचून ठेवते, नंतर करू’ म्हणून तो कागद मी कपाटात ठेवला. तो तिथेच राहिला. दीड हजार रुपये त्यांना मिळाले नाहीत ते माझ्या एका न केलेल्या सहीमुळे. ती सही केल्याने माझ्यावर कोणताही बोजा पडणार नव्हता. त्या माझ्याकडे काम करतात, हे खरे तेवढेच लिहायचे होते. आमच्या संस्थेतल्या किती घरांत असे अर्ज पडून राहिले असतील हे मला ठाऊक नाही, पण मी एकटीच होते असे मानायला जागा नाही. साठाव्या वर्षापर्यंतच ही नोंदणी होते, तेव्हा उशीर केल्याने संधी कायमची जाते.

या सगळ्यावर आपल्यापैकी अनेकांचे उत्तर मला माहीत आहे, कारण सचिव असताना मीही तेच देत असे : ‘संस्था या बायकांची मालक नाही. पगार हा सदस्य आणि बाई यांच्यातला खाजगी व्यवहार आहे. संस्था त्यात पडू शकत नाही.’ कायद्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे. परंतु हा व्यवहार खाजगी होता, तर तो थांबवताना संस्था त्यात पडलीच होती. आमच्या इमारतीतल्या एका आजींना अर्धांगवायू होता. त्यांचा मुलगा रोज फोन करून विनवत होता की आईला सांभाळणाऱ्या बाईला तरी आत सोडा, मी तिला घरीच ठेवून घेतो. आम्ही सहा दिवस नकार दिला आणि सातव्या दिवशी परवानगी दिली. म्हणजे सदस्याची इच्छा असूनही काम थांबवण्याचा अधिकार संस्थेने वापरला होता. ज्या संस्थेने काम थांबवले तिने त्या थांबण्याच्या परिणामांविषयी दोन ओळी लिहिणे, यात अधिकाराबाहेरचे काय आहे?

मी सदस्यांवर सक्ती करा असे म्हणत नाही. संस्थेला तसे करता येणारही नाही. पण सूचनेला वजन असते, हे आपण सगळे पाहत आलो आहोत. ‘सदस्यांनी गाड्या आखलेल्या जागेतच लावाव्यात’ या सूचनेने नव्वद टक्के काम होते. ‘या काळात घरकामगारांचे वेतन नेहमीप्रमाणे द्यावे’ ही ओळ माझ्या तीन ओळींखाली चौथी म्हणून असती, तर बावीसचे तीस झाले असते असे मला वाटते. ज्यांची ऐपत होती पण ‘बाकीचे देतात का’ म्हणून जे अडले होते, त्यांना ती ओळ पुरली असती.

ज्यांची ऐपत खरोखरच नव्हती, त्यांच्या घरच्या बाईचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळता येणार नाही. त्यासाठी मी एक हिशेब करून पाहिला. आमच्यासारख्या ११२ सदनिकांच्या संस्थेत दर सदनिकेमागे महिना ५० रुपये वेगळे काढले, तर वर्षाला ६७,२०० रुपये होतात आणि पाच वर्षांत सव्वातीन लाखांच्या वर रक्कम जमते. ते ऐच्छिक असावेत आणि त्यांचा हिशेब देखभाल शुल्कापासून वेगळा ठेवावा, म्हणजे लेखापरीक्षणात अडचण येणार नाही. आपापल्या लेखापरीक्षकांना विचारून त्याची रीत ठरवावी. रंगरंगोटीसाठी आपण दुरुस्ती निधी जमवतो, इमारत कधीतरी पाडावी लागेल म्हणून सिंकिंग फंड जमवतो. ज्या हातांनी त्या इमारतीतली घरे रोज आवरली जातात, त्यांच्यासाठी महिना ५० रुपये जड होतील असे मला वाटत नाही. पूर, साथ, मोठी दुरुस्ती, कशानेही फाटक पुन्हा बंद करावे लागू शकते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हाही वस्त्यांतल्या बायकांचे आठ-आठ दिवसांचे खाडे झाले होते आणि कित्येक घरांनी ते पगारातून कापले होते.

आणखी एक गोष्ट. ज्या संध्याकाळी आम्ही तो निर्णय घेतला, त्या संध्याकाळी आवारात काम करणाऱ्या एकाही बाईला कोणी विचारले नाही. विचारले असते, तर त्यांनी मार्गही सुचवला असता. नंतर दोघींनी मला सांगितले की, त्या पाच घरांऐवजी एकाच इमारतीतली दोन घरे करायला आणि बाकीच्या मैत्रिणींत वाटून घ्यायला तयार होत्या, म्हणजे जाणे-येणे कमी झाले असते आणि प्रत्येकीला थोडे काम राहिले असते. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नव्हते. पुढच्या वेळी अशी वेळ आली तर निर्णयाच्या बैठकीला आवारात काम करणाऱ्यांपैकी दोघींना बोलवावे, त्यांच्यासमोर बोलावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे.

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतील. आमच्या संस्थेच्या सभेसाठी मी पुढील ठराव कार्यकारिणीकडे दिला आहे. आपल्याला योग्य वाटल्यास तो शब्दशः घ्यावा, नाहीतर सुधारून घ्यावा :

‘साथ, आपत्ती किंवा अन्य कोणत्याही कारणाने संस्थेने घरकामगारांचा आवारातील प्रवेश थांबवल्यास, त्याच सूचनेत सदस्यांना त्या काळाचे वेतन पूर्ण देण्याचे लेखी आवाहन करण्यात येईल. जे सदस्य आर्थिक अडचणीमुळे वेतन देऊ शकणार नाहीत, त्यांच्या घरच्या कामगारास ऐच्छिक निधीतून साहाय्य देण्यात येईल. प्रवेश थांबवण्यापूर्वी घरकामगारांच्या किमान दोन प्रतिनिधींशी चर्चा केली जाईल व ती इतिवृत्तात नोंदवली जाईल. प्रत्येक घरकामगाराचे पूर्ण नाव व तिच्या संमतीने तिचा बँक खात्याचा तपशील संबंधित सदस्य स्वतःकडे ठेवील. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सदस्याने मागणी झाल्यापासून सात दिवसांत सही करावी, असे ही सभा आवाहन करते. लिफ्ट व तळमजल्यावरील स्वच्छतागृह घरकामगारांना सदस्यांप्रमाणेच वापरता येईल.’

ताईंचा २०१९ चा अर्ज जुना झाल्याने नवा भरून मी त्यावर सही केली आहे. त्या आता अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. एप्रिल आणि मे २०२० चा पूर्ण पगार न देणाऱ्या त्यांच्या तीन घरांपैकी दोन सदस्य अजून आमच्याच इमारतीत राहतात. मी त्यांना भेटून आले आणि त्यांतल्या एकांनी तो चुकता केला. ठरावाच्या कागदावर सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे, आणि सभेची तारीख लागेपर्यंत मी रोज संध्याकाळी दोन-दोन घरी जाऊन बोलते आहे.

आपली विश्वासू,
एका सहकारी गृहरचना संस्थेची माजी मानद सचिव,
सिंहगड रस्ता, पुणे